उपकारस्तुती आणि उतराई : लक्ष्मीबाई टिळकांच्या उत्तरायुष्यातील लेखनाचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी झालेला आहे. एका टोकाला भाषेचे आणि मुद्रणाचे अभ्यासक आहेत. त्यांना फादर स्टीफन्सची ओवी, मिशनऱ्यांची व्याकरणे आणि कोश, 'ज्ञानोदया'सारखी पत्रे ह्यांचे महत्त्व वाटते. दुसऱ्या टोकाला श्रद्धाळू वाचक आहे. त्याला ह्या ग्रंथांतून उपदेश हवा असतो. ह्या दोहोंच्या मध्ये जी जागा रिकामी राहते तीत एक साधा प्रश्न पडून आहे. ज्या माणसाने तारुण्यात आपला पूर्वीचा धर्म सोडला तो आयुष्याच्या उतरणीवर मागे वळून पाहतो, तेव्हा तो कोणाचे आभार मानतो आणि कसे मानतो? हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. आत्मचरित्राची रचना, निवेदनाचा सूर, तपशिलांची निवड ह्या सर्वांवर त्याच्या उत्तराची छाया पडते. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' व 'ख्रिस्तायन' ह्या दोन ग्रंथांच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तुलनेसाठी बाबा पदमनजी आणि पंडिता रमाबाई ह्यांचे साहाय्य घेतले आहे.

प्रारंभी शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे. बायबलच्या मराठी भाषांतरांनी आभारप्रदर्शनाच्या कल्पनेसाठी 'उपकारस्तुती' आणि 'उपकारस्मरण' असे दोन सामासिक शब्द रूढ केले. मराठी मंडळ्यांत सुगीच्या दिवसांत होणारी उपकारस्मरणाची उपासना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे शब्द किती घरगुती झाले आहेत हे सांगावयास नको. परंतु हिंदू घरातून आलेल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांच्या कानांना ते अगदीच नवे वाटले असतील असे नाही, आणि अगदी ओळखीचेही वाटले नसतील. 'उपकार' हा शब्द मराठीत आला की त्याच्यामागोमाग 'फेडणे' हे क्रियापद येते. उपकार हे ओझे आहे, ऋण आहे. ते फिटले नाही तर माणूस मिंधा राहतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे यज्ञाने, अध्ययनाने आणि संततीने फेडावीत व मग मन मोक्षाकडे लावावे, ही स्मृतिकारांची व्यवस्था आहे. संतांनी तीत पालट केला. सद्गुरूचे आणि देवाचे ऋण फिटत नाही, म्हणून उतराई होण्याची असमर्थता हीच त्यांनी भक्तीची भाषा केली. ख्रिस्ती 'उपकारस्तुती' ह्या दुसऱ्या परंपरेला जवळची आहे. तीत देणे फेडावयाचे नसून आठवावयाचे असते.

मात्र धर्मांतर करणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते. देवाचे ऋण त्याने नव्या नावाने मान्य केले. पण पितृऋणाचे काय? ज्या विधींनी ते फिटते ते विधी त्याने सोडले, आणि ज्या घराने त्याला वाढविले त्या घराला त्याने दुःख दिले. आपले आईबाप अंधारात होते असे म्हणावे तर कृतघ्नपणा होतो. ते प्रकाशात होते असे म्हणावे तर आपण घर सोडले कशासाठी, हा प्रश्न उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील जवळजवळ प्रत्येक मराठी ख्रिस्ती आत्मकथन ह्या कोंडीतून वाट काढीत आहे.

बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त (१८८४) ही कोंडी रचनेतच दिसते. पदमनजींचा जन्म १८३१ चा, बाप्तिस्मा १८५४ चा. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर तीस वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हे पुस्तक प्रसिद्ध केले. ग्रंथाचे नावच सांगते की पूर्वायुष्य ही रात्र आणि बाप्तिस्मा ही पहाट. तरीसुद्धा पुस्तक वाचताना लक्षात राहते ती रात्रच. बेळगावातील घर, सणवार, व्रते, देवदेवतांविषयीचे बालपणीचे वेड ह्यांचे वर्णन त्यांनी इतक्या बारकाईने केले आहे की प्रतिपादनाला तेवढ्या तपशिलाची गरज नव्हती. मूर्तिपूजेचे खंडन करावयास निघालेला लेखक पूजेच्या साहित्याची यादी करताना रेंगाळतो. हे रेंगाळणे म्हणजे पदमनजींच्या कृतज्ञतेचे अबोल रूप होय, असे आम्हांस वाटते. ती उघडपणे बोलण्याची सोय त्यांच्या चौकटीत नव्हती, म्हणून ती तपशिलात उतरली. ख्रिस्ती लोकांचे आणि मिशनरी गुरूंचे आभार मात्र ते स्पष्ट शब्दांत मानतात आणि तो भाग, खरे सांगावयाचे तर, पुस्तकातील सर्वांत कमी जिवंत भाग आहे.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. १९०७ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो पुढे काही वर्षांनी गवसला, असे त्या सांगतात. 'साक्ष' ह्या प्रकाराला एक ठरलेला साचा असतो. आधी शोध, मग निराशा, मग प्राप्ती आणि अखेर इतरांना आवाहन. रमाबाई तो साचा मोडीत नाहीत. परंतु त्याच साच्यात त्यांनी पित्याला जी जागा दिली आहे ती विलक्षण आहे. दुष्काळात अन्नावाचून मरणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाची सेवा करण्याची शेवटची आज्ञा केली, तो प्रसंग त्या सांगतात. ही आज्ञा आपल्याला पुढे कोठे नेईल हे त्या वृद्धाला ठाऊक नव्हते, पण तिनेच आपल्याला वाट दाखविली, असा अर्थ त्या लावतात. म्हणजे पित्याची आज्ञा मोडून नव्हे, तर ती पाळून आपण येथवर आलो. धर्मांतरिताच्या कोंडीला ह्याहून धीट उत्तर मराठी माणसाने दिलेले आमच्या पाहण्यात नाही. मृत पित्याची संमती ह्यात परस्पर गृहीत धरली आहे, अशी शंका कोणी घेईल. ती शंका रास्त आहे. पण ऋण मान्य केल्याशिवाय असे गृहीत धरण्याचा प्रसंगच येत नाही.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील खरी उपकारस्तुती मात्र साक्षीत नसून बायबलच्या मराठी भाषांतरात आहे. केडगावच्या मुक्ती सदनाचा व्याप सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात केल्या आणि सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. १९२१ च्या जुलैमध्ये कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मागून घेतल्याची जी आठवण सांगितली जाते, ती चरित्रकारांच्या भक्तिभावाने रंगलेली असू शकेल. संस्कृत पांडित्यावर वाढलेल्या विदुषीने आयुष्याच्या अखेरीस संस्कृतप्रचुर शब्द वेचून काढून टाकावेत ही गोष्ट मात्र आठवणीपेक्षा बोलकी आहे.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. तेव्हा हे सर्व लेखन साठी उलटलेल्या स्त्रीचे आहे. त्याचा उगमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुत्र देवदत्त ह्यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. म्हणजे हा मजकूर मुळात दुसऱ्याच्या चरित्राची सामग्री होता. साक्ष देण्यासाठी ही बाई लिहावयास बसली नव्हती. ह्या एका योगायोगाने मराठी वाङ्मयाचा मोठा लाभ झाला, कारण साक्षीच्या साच्यातून लेखिका आपोआप सुटली. तिला स्वतःच्या तारणाची कथा सांगावयाची नव्हती. टिळकांची सांगावयाची होती, आणि ती सांगता सांगता स्वतःची येऊन गेली.

लक्ष्मीबाईंच्या पितृगृहाचे चित्र पाहावे. वडिलांच्या सोवळ्याचे वेड त्या घराला कसे छळीत होते, बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुण्याच्या पायी घरातील बायकांचे काय हाल होत, हे त्यांनी सविस्तर सांगितले आहे. पदमनजींच्या हाती हा मजकूर पडता तर त्याचे एक प्रकरण झाले असते आणि शेवटी निष्कर्ष आला असता. लक्ष्मीबाई निष्कर्ष काढीत नाहीत. त्या हसतात, आणि त्यांच्या हसण्यात वडिलांविषयी राग नाही. वयाची पासष्टी गाठलेली ख्रिस्ती स्त्री जुन्या ब्राह्मणी घरातील छळाची कथा सांगते आणि तिचा एक शब्दही खंडनासाठी वापरीत नाही, ही गोष्ट आपल्या टीकाकारांच्या नजरेतून निसटली आहे. त्यांनी ह्याला 'विनोदी वृत्ती' असे नाव देऊन पुढची वाट धरली. विनोद आहेच. पण हा विनोद कोणत्या भूमीतून उगवतो? ज्याला आपल्या आयुष्यातील कोणताही भाग फेकून द्यावयाचा नाही अशाच माणसाला असा विनोद साधतो. पूर्वायुष्य हे केवळ अंधार होते असे मानणारा त्याच्याकडे पाहून हसू शकत नाही. तो फार तर उपहास करील.

धर्मनिरपेक्ष समीक्षेने लक्ष्मीबाईंचा प्रांजळपणा आणि विनोद उचलला व श्रद्धा बाजूस ठेवली. ख्रिस्ती वाचकांनी श्रद्धा उचलली आणि विनोदाकडे घरच्या माणसाचे कौतुक ह्या नात्याने पाहिले. ह्या दोन्ही वाचनांत एकच चूक आहे असे आमचे मत आहे. 'स्मृतिचित्रे'त श्रद्धा आणि विनोद ही दोन अंगे नाहीत. येथे विनोद हीच उपकारस्मरणाची रीत आहे.

हे म्हणणे सर्वांत कठीण कसोटीला लागते ते टिळकांच्या बाबतीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी मागे राहिली, पदरी लहान मूल. पुढची चार-पाच वर्षे ताटातुटीची. पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने काढलेल्या त्या काळाचे वर्णन लक्ष्मीबाईंनी यत्किंचितही मृदू केलेले नाही. त्या काळी मनाची जी दशा झाली ती त्यांनी तशीच मांडली आहे. नंतर त्या टिळकांकडे आल्या, जातिभेद हा माणसांनीच केला अशी त्यांची स्वतःची खात्री पटली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढेही संसार काही सोपा झाला नाही. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या घरी पोचविणारे, क्षणात संतापणारे आणि क्षणात विरघळणारे टिळक ह्या पुस्तकाच्या पानापानावर आहेत. आज असे विचारले जाते, आणि विचारले जाणे योग्यच आहे, की अशा नवऱ्याविषयीची कृतज्ञता ही कृतज्ञता की पतिव्रतेची सवय? धर्म बदलला, पण पतीच्या मागे जाण्याचा जुना धर्म मात्र तसाच राहिला, असे तर नव्हे?

इंग्रजी भाषांतरांची नावे ह्या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. जोसेफाइन इंकस्टर ह्यांनी १९५० साली केलेल्या भाषांतराला 'आय फॉलो आफ्टर' असे नाव दिले. ते शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात आहेत. तेथे धाव आहे ती ख्रिस्ताकडे. पण पुस्तकावर छापल्यावर पत्नी पतीच्या मागून जाते असाच अर्थ वाचकाच्या मनात प्रथम उभा राहतो. शांता गोखले ह्यांच्या २०१७ च्या भाषांतराने मूळ मराठी नाव राखले आणि उपशीर्षकात ह्या आठवणी एका तेजस्वी पत्नीच्या असल्याचे सांगितले. एका नावात अनुसरण पुढे आले, दुसऱ्यात बाणा. पण 'पत्नी' ही ओळख दोहोंतूनही सुटली नाही.

आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या वाक्यरचनेत शोधले पाहिजे. त्या टिळकांच्या चुका झाकीत नाहीत. चूक सांगितल्यावर 'तरीसुद्धा ते थोर होते' अशी पुस्तीही जोडीत नाहीत. सवयीची पतिभक्ती झाकते. जाणती कृतज्ञता सर्व सांगून मोकळी होते. हिशेब मांडल्याशिवाय ऋण मान्य करता येत नाही, आणि लक्ष्मीबाईंचा हिशेब चोख आहे. त्यात टिळकांनी दिलेले आहे, घेतलेले आहे, उधळलेलेही आहे. लिहावाचावयास त्यांनी शिकविले, ह्याची नोंद आहे. एकटे टाकून गेले, ह्याचीही आहे. दोन्ही नोंदी एकाच शाईने लिहिल्या आहेत. क्षमा हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण क्षमा करणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि लक्ष्मीबाई कधीच वरच्या पायरीवरून बोलत नाहीत. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ताटातुटीच्या प्रकरणांत काही ठिकाणी वृद्ध लेखिकेचे हसू तरुण स्त्रीच्या दुःखावर फार लवकर पसरते. त्या चार-पाच वर्षांतील स्त्रीला कदाचित असे हसणे मंजूर झाले नसते. उत्तरायुष्यातील कृतज्ञतेचा हा धोका आहेच. तिला शेवट ठाऊक असतो.

टिळकांच्या स्वतःच्या उत्तरायुष्याकडे ह्या दृष्टीने क्षणभर पाहिले पाहिजे. १९१७ च्या सप्टेंबरात, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ती संन्यासी हा शब्दच त्या वेळी अनेकांना विसंगत वाटला असेल. मिशनने ज्याला आसरा दिला त्याने मिशन सोडावे, ह्यात काहींना कृतघ्नपणा दिसण्यासारखा होता. परंतु टिळकांचा आग्रह असा की ख्रिस्ताचे उपकार मानणे निराळे आणि परदेशी संस्थेचे आश्रित होऊन राहणे निराळे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या ह्या कवीने तुकारामाचे ऋण नाकारले नाही. मिशनचेही नाकारले नाही. पण ऋण आणि मिंधेपणा ह्यांची गल्लत त्याने होऊ दिली नाही. स्मृतिकारांची व्यवस्था अशी की ऋणे फेडून झाल्यावर माणसाने संन्यास घ्यावा. टिळकांनी ऋण न फेडता, ते फिटणारच नाही असे जाणून, संन्यास घेतला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले.

ह्या महाकाव्याचे आरंभीचे दहा-अकरा अध्यायच टिळकांच्या हातचे आहेत. पुढे लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली आणि ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, प्रसिद्ध झाला. शालेय शिक्षण जवळजवळ न झालेल्या विधवेने पतीच्या काव्याच्या सहापट काव्य रचून ते पूर्ण करावे, ह्याला आपल्या वाङ्मयात तोड शोधावी लागेल. काव्य म्हणून त्याचे मूल्यमापन करताना मात्र आदराने डोळे झाकून चालणार नाही. लक्ष्मीबाईंचे गद्य ज्या मोकळेपणाने चालते ती चाल त्यांच्या पद्यात सर्वत्र नाही. शुभवर्तमानांतील घटनाक्रमाशी इमान राखावयाचे म्हणून कथनाला पुष्कळदा नुसत्या वृत्तांताचे रूप येते. घरगुती प्रसंग, आईचे मन, वाटेवरची माणसे आली की तेथे त्यांचा हात ओळखू येतो. देवविद्येचा प्रांत आला की हात अवघडतो.

येथे फादर स्टीफन्सची आठवण होणे अपरिहार्य आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या ह्या इंग्रज जेझुइटाचे पुराण १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले, तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. तेही उत्तरायुष्याचेच फळ. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आपण कौतुकाने पाठ करतो. ती एका परक्याने, ज्या भाषेत त्याला आयुष्यभर लोकांशी बोलता आले तिची केलेली उपकारस्तुती आहे, ह्या अंगाने मात्र क्वचितच वाचतो. शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ साली पुण्यात ते पुराण देवनागरीत आणल्यापासून आपल्या विद्यार्थ्यांना ते सहज उपलब्ध झाले. 'ख्रिस्तपुराण' आणि 'ख्रिस्तायन' ह्यांची तुलना पूर्वी झाली आहे ती बहुतेक कथाभाग आणि भाषा ह्यांपुरती. एकाला भाषा कमवावी लागली. दुसरीची भाषा जन्माची होती, पण लिपी पतीकडून मिळाली होती. आपल्याला मिळालेल्या वस्तूचे भान ह्या दोघांच्या शैलीत कसे उमटते, हा विषय एखाद्या संशोधकाने हाती घ्यावा असा आहे. स्टीफन्सची ओवी भाषेचे वैभव मिरविते, कारण ते वैभव त्याने जोडलेले आहे. लक्ष्मीबाईंना मिरविण्याची कल्पनाही शिवत नाही.

लक्ष्मीबाईंच्या कृतज्ञतेचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे, कारण साक्षीच्या वाङ्मयापासून त्यांना वेगळे काढणारी ती गोष्ट आहे. साक्षीत उपकार करणारा शेवटी एकच असतो. बाकीची माणसे निमित्तमात्र होतात. 'स्मृतिचित्रे'त कोणीही निमित्तमात्र नाही. संकटात आसरा देणारी भिकुताई आणि तिचे पती आहेत. त्यांनी धर्म बदलला नाही, आणि त्यांनी तो बदलावयास हवा होता अशी हळहळ लेखिका करीत नाही. दुष्काळात घरी आणलेली अनाथ मुले आहेत. घरच्या मुलासारखे राहिलेले आणि १९१८ साली अकाली गेलेले बालकवी ठोमरे आहेत. ही माणसे देवाच्या योजनेचे पुरावे म्हणून पुस्तकात येत नाहीत. ती आपापल्या खोडींसह येतात, आणि लेखिका त्यांना खोडींसह आठवते. देवावरील विश्वास लक्ष्मीबाईंनी थोड्या आणि साध्या शब्दांत सांगितला आहे. माणसांना मात्र त्यांनी चार भाग दिले. श्रद्धेचे हे प्रमाण काही ख्रिस्ती वाचकांना उणे वाटले असेल. आम्हांस ते फार नेमके वाटते. 'उपकारस्मरण' ह्या समासातील दुसऱ्या पदावर, स्मरणावर, लक्ष्मीबाईंनी सगळा भार टाकला.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा 'स्मृतिचित्रां'चा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्त टिळकांनी पुरा केला. पित्याचे काव्य आईने हाती घेतले होते, आईचे गद्य मुलाने हाती घेतले. चौथ्या भागात लेखणी कोठे बदलली हे सावध वाचकाला ओळखता येते. मुलाचे गद्य व्यवस्थित आहे, त्यात आदर आहे. आईच्या गद्यात जो आदर नव्हता आणि त्याऐवजी जे होते, ते त्या पानांपाशी थांबते.